विनंत्यांची वही गावात नेताना

पंढरपूर तालुक्यातल्या करकंबसारख्या गावात आठवड्यातून एका संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा बसते. गाणी होतात, वचन वाचलं जातं आणि शेवटी पाळक म्हणतात, "विनंत्या सांगा." मग एकेक बोलायला लागतं. बोअरचं पाणी गेलं. कारखान्याचं बिल अजून जमा झालं नाही. पोरगा भरतीत पुन्हा राहिला. नवरा पुण्याला गेलाय, फोन उचलत नाही. सासूची साखर वाढलीय. कुणीतरी हे कागदावर टिपून घेतं, प्रार्थना होते, चहा होतो आणि माणसं आपापल्या घरी जातात. कागद बायबलमध्ये राहतो.

काळ अनिश्चित आहे, तेव्हा मंडळीने गावासाठी काहीतरी करायला हवं, असं आपण वरचेवर म्हणतो. मग कुणीतरी शहरातल्या मोठ्या चर्चचा कार्यक्रम पाहून येतं आणि तसाच इथे करायचा ठरवतं. माझं म्हणणं असं, की तुमचं काम त्या बायबलमधल्या कागदावर आधीच लिहिलेलं आहे. ख्रिस्ती घरातला बोअर आटतो तेव्हा शेजारच्या घरातलाही आटलेला असतो. ज्या विनंत्या आपण देवापुढे ठेवतो त्यांच्याकडे गावाची पाहणी म्हणून बघायची सवय लागली, की कामाला सुरुवात झाली.

तर आधी एक शंभरपानी वही आणा. मागच्या वर्षभरातल्या विनंत्या आठवतील तेवढ्या लिहून काढा. महिला मंडळातल्या बायकांना त्या जास्त आठवतील, त्यांना विचारा. मग त्यांचे तीन भाग करा. काही विनंत्यांवर कागदोपत्री उपाय आहे: पेन्शन, रेशन, दवाखान्याचं बिल. काहींना कुणाचा तरी वेळ हवा आहे: एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे रोज डोकावणं, मुलांचा अभ्यास घेणं. उरलेल्यांवर आपल्याकडे उपाय नाही, तिथे सोबत बसण्यापलीकडे काही करता येत नाही. पहिला भाग वाटतो त्याहून मोठा निघेल. मंडळ्या मात्र बहुधा तिसऱ्या भागातच अडकून पडतात.

कागदाच्या विनंत्या कशा असतात बघा. विधवा बाईची संजय गांधी निराधार योजनेची किंवा पासष्टीपुढच्या आजोबांची श्रावणबाळ योजनेची रक्कम बंद पडते आणि घरात वाटतं, सरकारने बंद केली. चौकशी केली की कळतं, हयातीचा दाखला दिलेला नाही, आधार बँकेला जोडलेलं नाही किंवा बोटांचे ठसेच मशीनवर उमटत नाहीत. पंढरपूरच्या तहसीलला किंवा सेतूत कुणी सोबत गेलं तर हे सुटण्यासारखं असतं. मोठ्या आजारात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय कोणतं, हे दाखल होण्याआधी विचारायचं असतं, बिल हातात पडल्यावर नाही. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, हेही किती जणांना माहीत असतं? ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, मिळायला हवा आणि उशीर झाला तर व्याज लागतं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ती वेळ सगळीकडे पाळली जात नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. पण नियम माहीत असलेला माणूस लेखी मागणी करतो आणि तिची पोच घेतो. तुमच्या तरुण संघात पदवी घेऊन भरतीची वाट बघत बसलेली मुलं असतील, तर दोघातिघांना एवढंच काम द्या. गावातल्या कुणाचंही असो, एक अडलेलं कागदपत्र दर आठवड्याला मार्गी लावायचं.

आपल्या जिल्ह्यात मंडळीच्या माणसांनी असं काम केल्याचा एक इतिहास आहे आणि तो आपल्याच लोकांना फारसा ठाऊक नाही. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा, मग १९७२ चा, अशी इथल्या कुटुंबांची वर्षं मोजली जातात. अमेरिकन मराठी मिशन १८६० च्या दशकात सोलापूरला आलं. त्यांच्या शाळा-बोर्डिंगांबद्दल आपण अभिमानाने बोलतो. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो सोलापूर पंप.

त्याची गोष्ट अशी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रातल्या दुष्काळी भागात खडक फोडून बोअर घेणारी यंत्रं आली, त्यांत चर्चच्या संस्था पुढे होत्या. जालन्याला स्कॉटिश मिशनने हे काम केलं. बोअर तर झाले, पण त्यांवर बसवलेले बिडाचे हातपंप भराभर मोडू लागले. ते पंप मुळात एका कुटुंबाच्या अंगणासाठी बनवलेले होते आणि इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खा गाव त्यांवर पाणी भरत होता. तेव्हा जालन्यातल्या माणसांनी पंपाचा दांडा आणि सांधा बदलून पाहिला. सोलापूर वेल सर्व्हिस या मिशनच्या संस्थेत ऑस्कर कार्लसन यांनी त्यात आणखी सुधारणा करून पोलादी, दणकट पंप तयार केला. पुढे युनिसेफ आणि भारत सरकारने जो इंडिया मार्क टू हातपंप देशभर नेला, त्याचा पाया हा सोलापूर पंप होता. आज तो नमुना आफ्रिकेतल्या खेड्यांतही दिसतो.

यातून मी तीन गोष्टी घेतो. बोअर घेऊन ती माणसं थांबली नाहीत. काय मोडतंय हे पाहायला ती परत आली. आपल्याकडे उद्घाटनाचा फोटो निघतो आणि दुरुस्तीला कुणी नसतं. दुसरं म्हणजे पाणी भरणाऱ्या बाईला कुणी धर्म विचारला नाही, आणि ज्या गावांत विहिरीवरून जातीची भांडणं होत होती तिथे ही गोष्ट लहान नव्हती. तिसरं थोडं टोचणारं आहे. त्यांनी प्रचाराला सोपी गोष्ट निवडली नाही, गावाला हवी ती निवडली. वंगण, साखळी आणि वॉशर यांवर प्रवचन देता येत नाही.

पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायकांना केडगावला आणलं, त्यांना छपाई, विणकाम, शेती शिकवली, हे उदाहरण आपल्या व्यासपीठांवरून नेहमी दिलं जातं. ते थोर आहेच. पण तीस-चाळीस घरांच्या मंडळीसमोर रमाबाई उभ्या केल्या की ऐकणारे भारावतात आणि घरी जाऊन काही करत नाहीत. पंप दुरुस्त करणारा माणूस मात्र प्रत्येक मंडळीत सापडतो.

आता गावात जायचं कसं? आपला वेगळा फलक लावून नव्हे, गावात जे चालू आहे त्यात शिरून. आशाताईंना भेटा, अंगणवाडी सेविकेला भेटा, करकंबच्या ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक असतील तर त्यांना भेटा आणि एकच प्रश्न विचारा: "तुमचं कुठलं काम माणसं नाहीत म्हणून अडतं?" उत्तरं साधी येतील. टीबीचा रुग्ण गोळ्या मध्येच सोडतो. गरोदर बाईला तपासणीला न्यायला कुणी नाही. लसीकरणाच्या दिवशी मळ्यातल्या वस्तीवरून बायका येत नाहीत. यातलं एक काम उचला आणि वर्षभर सोडू नका.

ग्रामसभेला जायला लागा. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास त्या होतात. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते आणि तेवढीही न जमल्याने सभा तहकूब होतात. मंडळीतली वीस माणसं नेमाने जाऊन बसली तरी फरक पडतो. पहिल्या दोन-तीन सभांना काही मागू नका, ऐका. मग रोजगार हमीच्या कामांची मागणी, टँकरच्या फेऱ्या, स्मशानभूमीचा रस्ता, हे विषय लेखी मांडा. स्मशानभूमीचा विषय तर ख्रिस्ती कुटुंबांना चांगलाच माहीत असतो. पुरायला जागा कुठे, हा प्रश्न ज्याच्या घरात मयत होते त्याला त्याच दिवशी पडतो. तो आधीच ग्रामपंचायतीत मांडून ठेवायला हवा.

या सगळ्यात एक काटा आहे आणि त्याबद्दल आडून बोलून उपयोग नाही. चर्चची माणसं मदत करतात म्हटलं की कुणीतरी विचारणारच, "धर्म बदलायला आलात का?" या प्रश्नाचा राग मानू नका. आपल्या वागण्यातल्या काही गोष्टींनी तो प्रश्न तयार केलेला असतो. धान्याच्या पिशवीत नवा करार घातला की पिशवीवरही संशय येतो आणि नव्या करारावरही. म्हणून मदतीला अट नको, आणि अट दिसेल अशी मांडणीही नको. गरजूंची यादी आशाताई, सरपंच, मुख्याध्यापक यांच्यासोबत बसून करा. वाटप मंदिराच्या पारावर, शाळेत, चावडीत करा, चर्चमध्ये नको. प्रार्थना समोरच्याने मागितली तरच करा आणि त्याच्या घरच्यांसमोर करा. आपला विश्वास आचरण्याचा आणि सांगण्याचा हक्क राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने दिलेला आहे, तो कुणी काढून घेत नाही. पण भुकेल्या माणसापुढे तो हक्क बजावू नये, हा आपला सभ्यपणा.

फोटोंबद्दल तर मी कडक आहे. उपासनेचे, बाप्तिस्म्याचे, वाटपाचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकणं बंद करा. आपल्या मंडळ्यांत येणारी पुष्कळ माणसं दलित समाजातली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती दलिताला आजही नाही. हा अन्याय आहे आणि त्यावर न्यायालयात वर्षानुवर्षं झगडा चालू आहे. पण तोपर्यंत एखाद्या मुलीचा दाखला, शिष्यवृत्ती, नोकरी तुमच्या एका फोटोपायी अडचणीत येऊ शकते. कुणी आपली ओळख कधी आणि कशी सांगावी, हे त्या घराने ठरवायचं. पाळकांना अहवालासाठी फोटो हवा असेल तर पाठमोरा काढावा. चेहरे दिसलेच पाहिजेत असा हट्ट देणगीदाराने धरला, तर त्याचे पैसे नाही आले तरी चालतील.

वारीचा विषय करकंबला टाळून चालणार नाही. आषाढीला पैठणहून एकनाथ महाराजांची आणि त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी इथूनच पंढरपूरला जाते. सावता माळ्यांचं अरण जवळच आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी पंढरीच्या यात्रेत पत्रकं वाटायला यायचे. त्या पद्धतीचा आता नाद सोडावा असं मला वाटतं, आणि त्याला कायद्याच्या भीतीहून चांगलं कारण आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक, ज्यांची गाणी आपण दर रविवारी म्हणतो, ते तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत पोचलो असं मानत. भजन-कीर्तनाचा बाज आपल्या उपासनेत आला तो याच मातीतून. त्या वाटेवरून चालत येणाऱ्यांना आपण पाणी द्यावं, पाय चेपायला तेल द्यावं, ओआरएसची पाकिटं, मोबाइल चार्जिंग, आणि बायकांसाठी आडोसा व स्वच्छतागृह. शेवटच्या गोष्टीची गरज सगळ्यांत जास्त आणि ती करणारे सगळ्यांत कमी. ग्रामपंचायतीच्या नियोजनाच्या बैठकीत जा, तुम्हाला कुठला टप्पा द्यायचा ते त्यांना ठरवू द्या. मुक्काम उठल्यावर कचरा गोळा करायला कुणीच नसतं, तेव्हा ते काम मागून घ्या. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका बसने नेल्या गेल्या. त्या दोन वर्षांत या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांचं, फुलं-प्रसाद विकणाऱ्यांचं काय झालं, हे ज्याने पाहिलं त्याला वारी ही इथल्या घराघरातल्या चुलीशी बांधलेली गोष्ट आहे हे सांगावं लागत नाही.

आजारपणाबद्दल एक ताकीद द्यायची आहे. चंगाईच्या सभेला आलेल्या माणसाला "आता गोळ्या नकोत, विश्वास ठेव" असं कुणी सांगत असेल, तर वडीलमंडळींनी त्याला तिथल्या तिथे थांबवावं. टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार औषधांना दाद देईनासा होतो आणि घरातल्यांनाही लागण होते. उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, शिवाय निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी महिन्याला एक हजार रुपये मिळतात. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. प्रार्थना करायची तर १०८ च्या गाडीत बसून करा.

मनाच्या दुखण्याचं तसंच. कर्ज, नापिकी, भरतीत अपयश, यांनी खचलेला माणूस सभेत बोलत नाही, मागे बसतो, मग यायचा बंद होतो. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले. तेवढं त्यांनी बरोबर केलं, बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. "तुझा विश्वास कमी पडला" हे वाक्य अशा घरात उच्चारू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. घरात कीटकनाशकाचे डबे असतील तर ते दुसऱ्याकडे, कुलपात ठेवायला घरच्यांना सांगा. ही एक गोष्ट जीव वाचवते. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. मंडळीतल्या चौघांनी तो आपल्या फोनमध्ये ठेवावा. मुलांसाठी १०९८, संकटातल्या बाईसाठी १८१, तातडीला ११२.

पूर आणि दुष्काळ या दोन्हींची तयारी कोरड्या दिवसांत करावी लागते. उजनीतून पाणी सोडलं की भीमाकाठच्या वस्त्यांना हालायला फार वेळ मिळत नाही, ऑक्टोबर २०२० मध्ये हे पुन्हा दिसलं. नदीकाठी राहणारी मंडळीतली कुटुंबं कोणती, त्यांच्याकडे जनावरं किती, अंथरुणावर पडून असलेलं माणूस कुणाच्या घरी आहे, ट्रॅक्टर कुणाकडे आहे, हे वहीत मे महिन्यातच लिहा आणि तलाठ्यांना, पोलीस पाटलांना तुमची यादी दाखवा. पुराच्या दिवशी जेवणापेक्षा कोरडे कपडे, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचं दूध, रोजची औषधं आणि जनावरांना चारा कमी पडतो. जेवण तर सगळेच आणतात. एरवीही चर्चची इमारत असेल तर ती आठवड्यातले सहा दिवस बंद का असते, हाही विचार करा. भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोरांना एक ट्यूबलाइट, पंखा आणि शांत खोली हवी असते. कुणाचंही पोर असो, संध्याकाळी सहा ते दहा दार उघडं ठेवा आणि भिंतीवर नियमांचा कागद चिकटवा. त्यात "उपासनेला यावं लागेल" असा नियम नसेल, हे पाहा.

पैशाबद्दल थोडक्यात. अर्पणाची आणि मदतीची पेटी वेगळी ठेवा, दोघांनी मिळून मोजा, हिशेब दर महिन्याला फळ्यावर लिहा. न्यास नोंदणीकृत असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज द्यावा लागतो. कितीतरी मंडळ्यांच्या नोंदीवर अजून दिवंगत विश्वस्त आहेत आणि भांडण न्यायालयात गेलं की ते कळतं. परदेशातला कुणी पाहुणा प्रेमाने पैसे देऊ लागला, तर एफसीआरए या परकीय देणगी कायद्याखालच्या नोंदणीशिवाय ते घेता येत नाहीत, पाळकांच्या खासगी खात्यातही नाहीत. नम्रपणे नाही म्हणा. गावासाठी गावाचे पैसे वापरलेले बरे. मुस्लिम किराणावाल्याने दिलेली साखर, मारवाडी दुकानदाराने दिलेल्या वह्या, विठ्ठलभक्त डॉक्टरने दिलेला एक तास, असं मिळून झालेलं काम कुणाला संशयास्पद वाटत नाही आणि ते टिकतंही.

एक अडचण हमखास येते. पाळकांची बदली होते आणि सगळं काम त्यांच्या ओळखीवर चाललेलं असल्यामुळे तिथेच थांबतं. म्हणून वही पाळकांकडे ठेवू नका. एक प्रत महिला मंडळाच्या बाईंकडे, एक तरुण संघाच्या सचिवाकडे. नवे पाळक आले की त्यांच्या स्वागताचा हार-नारळ झाल्यावर त्याच आठवड्यात त्यांना आशाताईंकडे, ग्रामसेवकांकडे, शाळेत आणि ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा. कोणाचा कुठला कागद तहसीलला अडकलाय, कोणत्या रुग्णाच्या गोळ्यांचे किती महिने उरलेत, हे त्यांना वहीतून वाचून दाखवा.